डाव्या बाहीला चुण्या नव्हत्या

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरंच आहे ते. नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आधी मीच चार घरी फोन करून मोकळी झाले होते. नवऱ्यापासून मी काही लपवत नाही, मैत्रिणींपासून तर नाहीच, आणि माझी लेक सई म्हणते, "ममा, यू ओव्हरशेअर." अशा बाईने एक गोष्ट इतकी वर्षं कुणाला म्हणजे कुणालाही सांगितली नाही — यावर कुणाचा विश्वास बसेल? माझाही बसत नाही. सुरुवात कुठून करावी तेही कळत नाहीये. सरळ शेवटाला हात घालावा, तर हात मागे येतो.

शिंप्यापासूनच करते.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला राहायचो. अभय, म्हणजे माझा नवरा, पुण्याच्या कंपनीकडून आला आणि इथेच चिकटला. मी त्याच्या मागून आले, २००४ साली, त्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. त्या व्हिसावरच्या बायकांना नोकरी करायची परवानगी नव्हती. कागदावर माझ्यासाठी जो शब्द होता त्याचा सरळ अर्थ 'दुसऱ्यावर अवलंबून असलेली'. पुण्यात मी राज्यशास्त्रात एम.ए. केलं होतं, जपानीच्या वरच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं जपानी साहेबांची दुभाषी होते. मोठमोठे इंजिनिअर माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. आणि इथे? इथे मी टॉवेलांच्या घड्या घालायचे आणि कुठल्या दुकानात कोथिंबीर ताजी मिळते यावर भाषण द्यायचे. हे सगळं मी कशाला सांगतेय? स्वतःची बाजू मांडायला नव्हे. पण मला काय हवं होतं ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रूट फॉर्टीसिक्सला लागून एक छोटी दुकानांची रांग होती. लाँड्री, पिझ्झा, आणि टोकाला कपडे दुरुस्तीचं दुकान. तिथे चोईकाका बसायचे. काका मी मनात म्हणायचे, तोंडावर चोईसान. ते कोरियन होते, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. सईच्या जन्मानंतर माझे सगळे ब्लाउज अंगाला होईनासे झाले, म्हणून मी एकदा पाच-सहा घेऊन गेले. काकांनी एक उलटा केला, शिवणीला टेप लावली आणि स्वतःशीच आकडा पुटपुटले — जपानीत. मी चमकले. आणि माझी जीभ कुठली गप्प बसायला! मीही जपानीतच म्हटलं, छत्तीस जुनं झालं हो, आता अडतीस करा. त्यांच्या हातातली टेपच पडली.

लहानपणी, त्यांचा देश जपानच्या ताब्यात असताना, ते एका जपानी शिंप्याकडे काम शिकले होते. त्यामुळे मापं कायमची जपानीतच तोंडात बसली. त्या भाषेचा त्यांना मनस्वी राग होता — शाळेत ती बोलली नाही म्हणून छड्या खाल्लेल्या. आणि आता साठ वर्षांनी, न्यू जर्सीत, एका भारतीय बाईशी बोलायला तीच कामी येत होती. त्यांना याचं फार हसू यायचं. इंग्रजी त्यांना दुकानापुरतं यायचं, मला कोरियन येत नव्हतं. ते मला ओकुसान म्हणायचे. जपानीत दुसऱ्याच्या बायकोला तसं म्हणतात. मी मनात म्हणायचे, घ्या, इथेही बायकोच! पण त्यांच्या तोंडून ते गोड वाटायचं.

त्यांची हकीकत कळायला वर्ष गेलं. ते मूळचे उत्तर कोरियातले. लढाईच्या हिवाळ्यात गावातले तरुण पुरुष दक्षिणेकडे निघाले, त्यांत हेही निघाले. बायकोला म्हणाले, दोन आठवड्यांत येतो. मुलगी दोन वर्षांची होती, ओक्सुन तिचं नाव. मध्ये सरहद्द पडली ती पडलीच. बायको तिकडे वारली. पुढे इथे दुसरं लग्न केलं, तीही बाई गेली, मूल नव्हतं. आणि मग त्या देशात औषधं पाठवणाऱ्या इथल्या एका अमेरिकन संस्थेकडून कळलं, की ओक्सुन जिवंत आहे. साठीला आली आहे. त्यांना भेटायचं होतं. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट राहिली आहे, असं ते म्हणायचे — रडून नव्हे, बटण लावता लावता.

त्या संस्थेने, त्या देशाच्या इथल्या कचेरीशी बोलून, म्हाताऱ्या माणसांना आपल्या माणसांची भेट घडवून आणायची खटपट चालवली होती. तेव्हा दिवस बरे होते. सहा देश एका टेबलाभोवती बसत होते, अणुभट्टीवरून घासाघीस चालली होती, आणि बोलणी चांगली चालली की अशी बारीकसारीक दारं किलकिली व्हायची. फॉर्म इंग्रजीत. तो मी भरला. काकांना ई-मेल नव्हता, म्हणून पत्ता माझा दिला. फोन नंबरही माझाच दिला. "सगळं ओकुसानच्या हातात," असं म्हणून त्यांनी मला दोन्ही हातांनी नमस्कार केला होता.

आता दुसरी बाजू. पगार घेता येत नव्हता, पण फुकट काम करायला कोणाची ना नव्हती. तासाभराच्या अंतरावरच्या एका विद्यापीठात मार्गारेट नावाच्या प्रोफेसरबाई होत्या. त्यांचा विषय एकच — उत्तर कोरियाचा हा पुढारी गेला की गादीवर कोण? त्या देशातून बातमी बाहेर येत नाही. माणूस आजारी आहे की धडधाकट, ते त्याच्या बायकोलाही विचारायची सोय नाही. मग ही अभ्यासक मंडळी काय करतात? फोटो बघतात. तिकडच्या सरकारी बातमीपत्रात आलेला प्रत्येक फोटो; पुढाऱ्याच्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण, मागच्या महिन्यात तिसरा उभा असलेला आज सातवा का. आपल्याकडे लग्नाच्या फोटोत कोणत्या मामाला कडेला ढकललं यावरून घरं फुटतात, ते मी लहानपणापासून पाहत आले होते. मला हे काम फार आवडलं. मंगळवारी आणि गुरुवारी मी जायचे, फोटो तारखेवार लावायचे, तक्ते करायचे.

एकदा फोटोंची फाइल आणि ब्लाउजची पिशवी असं दोन्ही घेऊन मी काकांच्या दुकानात गेले. फाइल टेबलावर राहिली. काकांनी सहज वरचा फोटो उचलला. बराच वेळ बघून म्हणाले, हा माणूस आटलाय.

कशावरून? तर खांद्याची शिवण हाडाच्या खाली घसरली होती. जाकीट तेच, आतला माणूस कमी झाला होता. मग त्यांनी दुसरा बघितला, तिसरा बघितला. कुठल्या फोटोत खांद्याला आतून जादा भर घातलाय, कुठे पँट कमरेला घेऊन परत शिवलीय — सगळं भिंगाखाली दाखवलं. मी आ वासून ऐकत होते. गुरुवारी मार्गारेटबाईंना सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. हे तुझ्या कसं लक्षात आलं, असं विचारलं. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, माझी आई शिवणकाम करायची.

आईला साधा फॉल लावता येत नाही.

ही पहिली खोटी गोष्ट. पण मला तेव्हा ती खोटी वाटलीच नाही, कारण काकांनीच सांगितलं होतं — माझं नाव कुठेही नको. तिथे पुढाऱ्याच्या तब्येतीबद्दल तोंड उघडणं हा मोठा गुन्हा; आपल्या बोलण्याची झळ मुलीला लागली तर? म्हणजे त्यांचं नाव लपवणं हे माझं कर्तव्यच होतं की नाही? आणि त्या झाकलेल्या नावाच्या जागी माझं नाव आपोआप बसत गेलं. मार्गारेटबाई लोकांना सांगायला लागल्या, हिची नजर विलक्षण आहे. चार वर्षांत मला कुणी विलक्षण म्हटलं नव्हतं. काका फोटो बघायचे ते माझ्यासाठी, मी त्यांचे फॉर्म भरते, फोन करते, त्याची परतफेड म्हणून. एक अट मात्र त्यांनी घातली होती. ज्या दिवशी भेटीचा निरोप येईल, त्या दिवसापासून हे फोटो त्यांच्यासमोर आणायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की तिथे त्या लोकांसमोर हसून उभं राहावं लागेल, आणि आपल्याला चेहऱ्यावर खोटं ठेवता येत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. मी मान डोलावली होती. मला ती मान डोलावलेली आठवते.

२००८च्या उन्हाळ्याच्या शेवटी तो पुढारी दिसेनासा झाला. मोठा समारंभ झाला आणि हा गैरहजर. इथल्या टीव्हीवर रोज तेच — आजारी आहे का, गेला का, मुलगा की दुसरा कुणी, फौजेचं काय, शेजारचे देश काय करतील. मार्गारेटबाईंना वॉशिंग्टनहून बोलावणं आलं. सरकारी मंडळींपुढे अहवाल ठेवायचा होता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की या अहवालावर तुझं नाव माझ्या नावाखाली येईल. छापील. घरी येऊन मी अभयला सांगितलं तर तो म्हणाला, "यार, धिस इज ह्यूज! आता बाबांना आधी कॉल कर." माझे वडील सांगलीला असतात. त्यांनी फोनवर ते मला दोनदा सांगायला लावलं.

फक्त ताजा फोटो हवा होता. अहवाल देण्याच्या आधीच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, अकराच्या सुमाराला, मी मेल उघडला — बातमीपत्राचे नवे फोटो आलेत का बघायला. तर संस्थेचा मेल. मिस्टर चोई यांची पहिल्या गटात निवड झाली आहे. अकरा जणांचा गट, नोव्हेंबरात. सोबतच्या कागदावर सही करून सात दिवसांत फॅक्स करावा. प्रवाशांनी तोपर्यंत त्या देशाच्या नेतृत्वाबद्दल कुठेही बोलू नये, अशी सूचना.

मी तो पूर्ण वाचला. दोनदा वाचला. आनंदही झाला — खोटं नाही सांगत, खरंच झाला, चप्पल घालून मी दारापर्यंत गेले. आणि मग परत आले. त्यांना कळलं की फोटो बंद. आणि ताजा फोटो तर अजून आलाच नव्हता.

मेलच्या खोक्यात एक सोय असते. वाचलेला मेल परत न वाचलेला करता येतो. अक्षरं पुन्हा ठळक होतात, जणू कोणी उघडलाच नाही. मी ते बटण दाबलं. कोणासाठी दाबलं? माझा मेल दुसरं कोण बघत होतं? कोणी नाही. मी स्वतःलाच दाखवत होते की मी वाचलेला नाही.

हिशेब सोपा होता. सात दिवस आहेत. फोटो दोन-चार दिवसांत येईल, काका बघतील, आणि त्याच दुपारी मी मेल 'उघडीन'. कुणाचं काय बिघडलं?

फोटो शुक्रवारी आला. शनिवारी सकाळी मी तो छापून दुकानात गेले, तर दाराला पाटी. बंद. असं कधी व्हायचं नाही. शेजारच्या लाँड्रीवाल्या बाईने सांगितलं, त्यांना खोकला झालाय, ताप आहे. माझ्याकडे त्यांच्या घरचा नंबर होता. गाडीत बसून मी तो नंबर लावलाही, आणि वाजायच्या आत बंद केला. आजारी माणसाला फोटो कसा दाखवायचा? आणि फोटो न दाखवता मेलचं सांगितलं तर —? मी घरी गेले. रविवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, तिथे मी निवेदन केलं. हसून हसून लोकांची पोटं दुखली.

सोमवार हा शेवटचा दिवस होता. काका दुपारी आले. गालफडं आत गेलेली, गळ्याला मफलर. मी फोटो पुढे केला. त्यांनी हाताने थांबवलं, म्हणाले, ओकुसान, आज डोळ्यांना पाणी येतंय, उद्या बघू का? त्यांच्या टेबलामागे फॅक्स मशीन होतं. लाँड्रीवालीचं आणि त्यांचं मिळून एकच. मी त्या मशीनकडे बघत उभी होते. संस्थेची कचेरी पाचला बंद व्हायची आणि तेव्हा तीन वाजले होते. बघा, मला वेळही आठवते.

मी म्हणाले, काही घाई नाही, उद्या बघा.

हेच ते. याच्याभोवती मी इतकी वर्षं घिरट्या घालतेय. एरवी माझं तोंड बंद होत नाही, आणि तिथे एक वाक्य नाही फुटलं. भीती होती म्हणावं, तर कसली? समोर पाय ओढत चालणारा आजारी म्हातारा होता. मला माझं नाव छापून हवं होतं, बस.

मंगळवारी त्यांनी फोटो पाहिला. पाच मिनिटं भिंग हललं नाही. मग म्हणाले, उजव्या बाहीला कोपरापाशी चुण्या आहेत बघा, हात वापरतो त्याच्या बाहीला असतातच. डाव्या बाहीला चुण्या नाहीत. सकाळी इस्त्री करून चढवली तशीच आहे. हा हात हलत नाही. आणि मागच्या रांगेतल्या एका जाडजूड अधिकाऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, याचा कोट आणि त्याचं जाकीट एकाच ताग्यातलं कापड आहे. ते कापड सगळ्यांना मिळत नसणार. मी सगळं लिहून घेतलं आणि त्याच दिवशी अहवालात घातलं — पुढाऱ्याचा डावा हात निकामी झाला असावा, आणि कारभार मागच्या रांगेतल्या त्या माणसाकडे जाण्याची चिन्हं आहेत.

बुधवारी मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. ठळक अक्षरांतला मेल त्यांच्यासमोर उघडला. चेहऱ्यावर आश्चर्य आणलं, मग आनंद आणला, मग तारीख बघून हाय खाल्ली. मला ते सगळं जमलं. चेहऱ्यावर खोटं ठेवता न येणारा माणूस समोर बसून माझ्याकडे बघत होता. मी संस्थेला फोन लावला, गयावया केली — ती मात्र खरी होती. पण सोमवारी सही न आल्यामुळे ती जागा दुसऱ्याला गेली होती. दुसऱ्या गटात पहिलं नाव तुमचं, असं त्या बाई म्हणाल्या. वसंतात.

काकांनी माझ्याकडे पाणी सरकवलं. म्हणाले, मशीनला कधी कधी उशीर होतो, तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. वसंतात थंडीही कमी असेल.

ते माझ्यावर ओरडले असते तर? मी कबूल केलं असतं का? नाही, नसतं केलं. तेवढं मला स्वतःबद्दल कळलंय.

अहवाल छापून आला. माझं नाव मार्गारेटबाईंच्या नावाखाली, स्वच्छ टायपात. अभयने पेढे आणले. वडिलांनी पहिल्या पानाची झेरॉक्स काढून सांगलीत ओळखीच्या सगळ्यांना वाटली, अगदी दूधवाल्यालाही दिली. मी फोनवर हसत होते.

नोव्हेंबरात पहिला गट जाऊन आला. गटातल्या एका बाईंनी माझ्या पत्त्यावर पाकीट पाठवलं. त्यात एक फोटो होता आणि चिठ्ठी. तिकडे नावांची यादी आधीच गेली होती, तिच्यातलं काकांचं नाव कुणी काढलं नाही. ओक्सुनला बोलावणं गेलं होतं. दोन दिवसांचा प्रवास करून ती आली आणि तीन दिवस बाकीच्यांच्या भेटी बघत हॉटेलच्या दिवाणखान्यात बसून राहिली. या बाईंनी निदान तिचा फोटो काढून घेतला.

हे पाकीट मात्र मी लगेच नेऊन दिलं. काकांनी फोटो दिव्याखाली धरला, आणि सवयीने भिंग उचललं. मला तिथून निघून जायचं होतं. आणि ते वाचायला लागले. कोट तिचा नाही, म्हणाले. खांदा रुंद आहे, कोणाचा तरी मागून आणलाय. बाह्या आत दुमडून टाके घातलेत. टाके बारीक आहेत, सरळ आहेत, हे तिनेच घातलेत — आणि उजवीकडून डावीकडे तिरपे नाहीत, उलटे आहेत. म्हणजे डावखुरी आहे. तिची आई डावखुरी होती. एवढं झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, शिवायला कोणी शिकवलं असेल हिला?

मी रिकामं पाकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.

त्या आठवड्यात त्यांनी फोटोवरून अंदाजाने मापं काढली आणि करड्या लोकरी कापडाचा कोट शिवायला घेतला. वसंतात न्यायचा म्हणून. मी दुकानात गेले की मला उभं करून अंगावर लावून बघायचे, कारण उंची साधारण माझ्याएवढी असावी असा त्यांचा होरा होता. मी हात पसरून उभी राहायचे. शिवणीत त्यांनी दोन-दोन बोटं माया सोडली होती, तिच्या अंगावर मांस आलं तर उसवून सैल करता यावा म्हणून.

डिसेंबरात बोलणी फिसकटली. सहा देश आपापल्या घरी गेले. दुसरा गट रद्द झाल्याचा मेल आला, तो मी पंधरा मिनिटांत दुकानात नेऊन वाचून दाखवला. वाईट बातमी न्यायला मला अजिबात उशीर झाला नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि काजं करायचं राहिलं होतं ते करत बसले.

पुढच्याच वर्षी ते गेले. दुकान आवरताना त्यांनी तो कोट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. कोणी जाणार असेल तर पाठवा, आणि तुम्ही माझ्यासाठी फार केलंत, असं म्हणाले. मी 'नाही, नाही' म्हटलं, जसं आपण कोणी आभार मानले की म्हणतो.

आणखी दोन-तीन वर्षांनी त्या देशाच्या गादीवर नवा माणूस बसला. तो आमच्या एकाही फोटोत नव्हता. मागच्या रांगेतल्या त्या अधिकाऱ्याकडे काही गेलं नाही. अहवाल सपशेल चुकला होता, मार्गारेटबाई स्वतःच हसून म्हणाल्या, इन अवर लाइन इट हॅपन्स. सांगलीच्या घरी ते पहिलं पान अजून फ्रेममध्ये आहे.

आता मला नोकरी आहे, स्वतःच्या नावाचा व्हिसा नव्हे, इथला पासपोर्टच आहे. घर बदललं, तीन वेळा. कोट प्रत्येक वेळी मीच उचलून नेला. अभयला वाटतं काकांची आठवण म्हणून ठेवलाय. सईने एकदा विचारलं, "हूज कोट इज धिस?" मी म्हटलं, चोईकाकांच्या मुलीचा. तेवढं खरं आहे.

वर्षातून एकदा मी तो बाहेर काढून उन्हात घालते. ओक्सुन असलीच, तर माझ्या आईसारखीच म्हातारी झाली असेल आता. या वयात माणसं आटतात. तिला तो सैलच होईल.